जर्मनीतील नवे घर : डीएसएल जोडणी आणि राउटर

जर्मनीत बहुसंख्य घरांत इंटरनेट अजूनही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, म्हणजे डीएसएलने येते. भारतात ब्रॉडबँडवाला मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, राउटर लावतो आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकून निघून जातो. येथे खोके टपालाने येते आणि पुढचे बहुतेक काम भाडेकरूच्याच अंगावर पडते. शिवाय अर्ज केल्यापासून जोडणी सुरू होईपर्यंत काही आठवडे सहज जातात. त्यामुळे घराचा करार हाती पडला की पडदे-गाद्यांच्या आधी इंटरनेटचा अर्ज करावा आणि मधल्या काळासाठी भरपूर डेटाचे प्रीपेड सिम घ्यावे.

अर्जात पत्ता आणि बँकेचा आयबीएएन क्रमांक तर लागतोच. पण घर कितव्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे की उजवीकडे, आणि आधीच्या भाडेकरूचे नाव काय, हेही विचारतात. हा चौकसपणा नव्हे. इमारतीत तारांच्या अनेक जोड्या असतात आणि त्यांतली आपली कोणती, हे त्यावरून ठरते. आधीच्या भाडेकरूचे नाव किल्ली घेतानाच विचारून ठेवावे. करार जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असतो, मात्र मागितल्यास १२ महिन्यांचा पर्याय कंपनीला द्यावाच लागतो. पहिली मुदत संपल्यावर एक महिन्याच्या सूचनेने करार केव्हाही तोडता येतो. २०२१च्या डिसेंबरपासून कायदाच तसा आहे.

राउटर कंपनीकडून भाड्याने घ्यावा की स्वतःचा आणावा, यावर येथील जुन्या मराठी कुटुंबांत एकमत नाही. १ ऑगस्ट २०१६पासून ग्राहकाला स्वतःचे उपकरण लावण्याचा हक्क आहे. दोन वर्षांहून अधिक मुक्काम असेल तर विकत घेणेच परवडते, असे बहुतेकांचे मत. पूर्वी एव्हीएम नाव असलेल्या बर्लिनच्या कंपनीचा फ्रिट्झबॉक्स मराठी घरांत जवळजवळ प्रेशर कुकरइतका ठरलेला आहे. वापरलेला घेताना तो सुपरव्हेक्टरिंग हे वेगवान डीएसएलचे तंत्र पेलतो की नाही हे पाहावे, नाहीतर २५० मेगाबिटची योजना घेऊन १००वर समाधान मानावे लागते. भारतातून जुना एडीएसएल मॉडेम मात्र आणू नये. भारतातील लाइनी अ‍ॅनेक्स ए प्रकारच्या, तर जर्मनीतील बी आणि जे प्रकारच्या. तो मॉडेम येथे लाइन पकडतच नाही. मॉडेम नसलेला साधा वायफाय राउटर आणला असेल तर तो येथील मॉडेमच्या मागे जोडता येतो.

भिंतीवर तीन खाचांची टीएई नावाची पेटी असते. कडेच्या दोन खाचांवर एन आणि मधल्या खाचेवर एफ लिहिलेले असते. राउटरची केबल मधल्या एफ खाचेत लावायची, दुसरे टोक राउटरच्या डीएसएल खाचेत. लॅनची खाच दिसायला तशीच असल्याने घोटाळा नेमका तेथे होतो. घरात अशा दोन-तीन पेट्या असतील तर इमारतीची तार जिथे प्रथम येते तीच वापरावी. पुढच्या पेट्यांकडे जाणाऱ्या तारा सिग्नल बिघडवतात. बीएसएनएलच्या दिवसांत फोन आणि मॉडेमच्या मध्ये लागणारा स्प्लिटर येथे आता लागत नाही, कारण फोनही इंटरनेटवरूनच चालतो आणि तो राउटरलाच जोडतात. वीज दिल्यावर डीएसएलचा दिवा लुकलुकतो आणि काही मिनिटांत स्थिर होतो. लुकलुकणे थांबतच नसेल तर दोष तारेत किंवा लाइनमध्ये आहे, पासवर्डमध्ये नाही. दिवा स्थिर असूनही इंटरनेट नसेल तर खातेक्रमांक किंवा पासवर्ड तपासावा. ही माहिती कंपनीच्या पत्रात असते. संगणकावर राउटरचे पान उघडून ती भरायची. त्या पानाचा पासवर्ड राउटरच्या पोटावर चिकटवलेला असतो. ते पत्र पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवावे, कारण राउटर बदलताना ते पुन्हा लागते.

काही वेळा तार जोडायला तंत्रज्ञ यावा लागतो, आणि खरी कसोटी तेथे असते. श्टुटगार्टजवळच्या एका कुटुंबाने रजा काढून सकाळी आठपासून वाट पाहिली. संध्याकाळी संदेश आला : ग्राहक घरी आढळला नाही. झाले असे होते, की दाराच्या घंटेवर अजून आधीच्या भाडेकरूचेच नाव होते. पुढच्या खेपेला नाव होते, पण तारांची पेटी असलेल्या तळघराची किल्ली इमारतीच्या देखभालवाल्याकडे आणि तो सुट्टीवर. मदत क्रमांकावरचे यंत्र जर्मनमध्ये ग्राहकक्रमांक विचारी आणि तो सांगून होताच फोन तोडी. आठवडे गेले, बिल मात्र वेळेवर आले. या कुटुंबाचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो रास्त आहे. म्हणून घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव तारखेआधी लावावे, तळघराची किल्ली मागून ठेवावी. कंपनीच्या चुकीने तंत्रज्ञ आला नाही, तर १० युरो किंवा मासिक शुल्काच्या २० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त ती भरपाई म्हणून मागता येते. लाइन बंद पडल्याची तक्रार नोंदवून दोन दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर तिसऱ्या दिवसापासून रोजची भरपाई लागू होते. तक्रार लेखी करावी.

जागेबद्दल थोडेसेच. टीएई पेटी बहुधा दाराशी असते आणि तेथेच चपलांचे कपाट येते. राउटर त्या कपाटात कोंबू नये. काँक्रीटच्या भिंतींपुढे वायफाय दमते. दूरच्या खोलीसाठी रिपीटर घ्यावा.

टोरेंटबाबत मात्र सगळ्या कुटुंबांचा सूर एकच आणि कडक आहे. सिनेमा उतरवताना तो इतरांना पाठवलाही जातो, आणि मग वकिलाचे अनेक शे युरो मागणारे पत्र जोडणी ज्याच्या नावावर त्याच्या घरी येते. देशातून आलेल्या पाहुण्यांच्या लॅपटॉपमध्ये असा प्रोग्राम आपोआप चालू असतो, हे त्यांनाही आठवत नाही. पाहुण्यांना वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे आणि स्पष्ट सांगावे; त्यात संकोच कसला? पत्र आलेच तर सोबतच्या हमीपत्रावर सल्ल्याशिवाय सही करू नये. ग्राहक सल्ला केंद्रे यात मदत करतात.

म्युनिकच्या एका ज्येष्ठ बाईंचा आग्रह वेगळाच आहे. जोडणी झाल्यावर सर्वांत आधी आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलची वेळ ठरवावी, मालिका मागाहून. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे तिकडची संध्याकाळची आरती इकडे मुले शाळेतून येण्याच्या वेळी पडते. मुलांनी त्या कॉलवर मराठीतच बोलावे, शुभंकरोती म्हणावे. मराठी शाळा आठवड्यातून एकदा, हा कॉल रोज, असे त्यांचे म्हणणे. त्यांना उपदेशाची हौस आहे, पण त्यांची नातवंडे मराठी बोलतात, हेही खरे.

घर सोडताना भाड्याचा राउटर केबलीसह परत पाठवावा लागतो, नाहीतर त्याची किंमत वसूल होते. टपाल कार्यालयातून मिळालेली पावती शेवटचे बिल येईपर्यंत फेकू नये.