माळावर चिंकारा कसा पाहावा

ठासणीच्या बंदुकीत एकच बार. पुन्हा दारू भरून गोळी ठासेपर्यंत हरीण टेकाडापलीकडे गेलेलं असायचं. म्हणून जुन्या शिकाऱ्याला वारा, ऊन आणि दम धरणं शिकावंच लागे. बारामती-इंदापूरच्या माळावर हे कसब आता फक्त पाहण्यासाठी वापरावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिंकारा आहे. शिकारीला किमान 3 वर्षांची कैद आहे, आणि ती योग्यच आहे.

आधी जागा ठरवा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य (स्थापना 1997) जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे वन विभागाची गवताळ सफारी आहे. तिचं आरक्षण आधीच करा.

उजाडताना माळावर पोचा. ऊन चढलं की चिंकारे बाभळीच्या सावलीला बसतात आणि मग नजरेस पडत नाहीत. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर लावू नका.

आता वारा बघा. चिमूटभर माती हातातून सोडली की कळतं. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल आणि सूर्य पाठीशी राहील, अशा जागी गाडी उभी करून इंजिन बंद करा. गाडीतून उतरायचं नाही, वाट सोडायची नाही.

अख्खं हरीण शोधत बसू नका. वाळल्या गवतात आधी दिसते ती सतत हलणारी काळी शेपटी, मग पांढरं पोट. शिंगांवरून नर-मादी ओळखताना घाई नको: शिंगं मादीलाही असतात, पण बारीक आणि आखूड. नराच्या शिंगांवर वळ्या असतात.

खरी परीक्षा पुढे आहे. चिंकाऱ्यानं मान वर केली, पुढचा पाय आपटला, नाकातून फुस्स आवाज काढला, की आपली हद्द तिथे संपली. हलू नका, बोलू नका. तो पुन्हा गवताला तोंड लावेल तेव्हाच कॅमेरा उचला. पळाला तर गाडी मागे घालू नका. जवळच गवतात आईनं पाडस दडवलेलं असू शकतं, आणि या माळांवर मोकाट कुत्रीही फिरतात.

रात्री माळावर बॅटरीचा झोत फिरताना दिसला किंवा बार ऐकू आला, तर स्वतः पुढे जाऊ नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.