बोंडाचं गारेगार

मे महिन्यात आपल्या चंदगडात बाईला टेकायला तरी वेळ असतो का, सांग बघू! अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या, सोप्यात लोणच्याच्या कैऱ्यांची पाटी, पापडाचं पीठ मळायचं राहिलेलं, आणि मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली नणंदेची पोरं. त्यात रस्त्यावरून गारेगारवाल्याची घंटा वाजली, की सगळी वानरसेना तुझ्या पदराला लटकते. ‘मामी, दहा रुपये दे की!’ पाच पोरांचे पन्नास रुपये जातातच, वर तुझ्या जिवाला घोर, त्या बर्फाचं पाणी कुठलं असेल म्हणून.

मग मोबाइलवर कुणीतरी रंगीत साच्यातून फळांच्या कांड्या काढून दाखवते, त्यांना पॉपसिकल म्हणते. तू बघतेस, आणि ‘हे आपल्या घरात जमायचं नाही’ म्हणून मोबाइल उलटा ठेवतेस. हो ना?

खरं सांगू का, जमतं. एका दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये जमतं, आणि तुझ्या झाडाखाली सडून जाणाऱ्या फळांचं जमतं. पण आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुला धीर येईल.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कोकमाच्या कांड्या करायला निघाले. फडताळात लालभडक रसाची बाटली दिसली. मी घेतलं पाणी, घातली साखर, ओतलं पेल्यांत आणि ठेवलं फ्रीजरमध्ये. सकाळी बघते, तर वर पापुद्रा आणि खाली चिखल. ते होतं आगळ, म्हणजे भरपूर मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस! मिठाचं पाणी साध्या पाण्यासारखं शून्य अंशाला गोठत नाही. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतात, ते याचसाठी. धाकट्या दिरानं चाटून बघितलं आणि म्हणाला, ‘वहिनी, सोलकढीची कांडी केलीस काय?’ अजून चिडवतो मेला.

पण त्या फजितीतून एक गोष्ट पक्की कळली बघ. मीठ करतं तेच साखरही करते, जरा कमी जोरानं. साखर फार झाली तर कांडी धड गोठत नाही, कमी झाली तर दगड होतो आणि पोरं दात धरून बसतात. म्हणून माप लक्षात ठेव: कैरी, करवंद, जांभूळ अशा आंबट-तुरट फळांना चार वाट्या रसाला एक वाटी साखर. पिकल्या आंब्याला, कलिंगडाला अर्धी वाटी पुरे. साखरेऐवजी गूळ चालतो, कैरीला तर तोच शोभतो. फक्त दुधाच्या कांडीत गूळ घालू नकोस, दूध फाटलं तर मला नावं ठेवशील.

आणि चव घेताना ती सरबतापेक्षा थोडी जास्तच गोड लागली पाहिजे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. पेल्यात ‘अगदी बरोबर’ वाटलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं. मी पहिली दोन वर्षं हेच चुकत होते.

आता आपल्या घरच्या मालाकडे वळू. काजूच्या बियांचा हिशेब आपण दाणा-दाणा ठेवतो. बोंडं मात्र झाडाखाली टाकून देतो आणि मग त्यांवर माश्या घोंगावतात म्हणून कुरकुरतो. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याकडे आणलं. पलीकडे गोव्यात याच बोंडांच्या रसाची उर्राक होते, फेणी होते. आपण घाटावरची माणसं, आपण निदान पोरांसाठी गारेगार करू की! संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं त्यात.

पण बोंडाला एक खोड आहे: ते घशाला खवखवतं. ती खोड मोडायची युक्ती सांगते. ताजी, न फुटलेली, झाडावरून नुकतीच पडलेली बोंडं घे. बी पिळून वेगळी कर, आणि त्या ओल्या बिया पोरांच्या हाती लागू देऊ नकोस. सालीतलं तेल कातडी भाजून काढतं, ओठाला लागलं तर फोड येतात. बोंडं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफव, गार झाली की स्वच्छ फडक्यातून पीळ. मग एक लिटर रसाला एक लहान चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ थोड्या पाण्यात शिजवून त्याची खळ कर. निवली की रसात ढवळ आणि पातेलं झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. सकाळी सगळा तुरटपणा गाळासकट तळाशी बसलेला असतो. वरचा निवळ रस अलगद ओतून घे, साखर घालून एक उकळी दे, गार झाल्यावर अर्धं लिंबू पीळ. संपलं!

एकच घाई कर: रस बाहेर ठेवू नकोस. मी एकदा पातेलं ओट्यावरच विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं, तर असा वास सुटला की सासूबाई माजघरातून म्हणाल्या, ‘काय गं, गोव्याचे पाहुणे आलेत होय?’

करवंदांचं वेगळंच दुखणं. त्यांना चीक असतो. देठ काढून मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, दोनदा चोळून धू. मग थोड्या पाण्यात एक वाफ देऊन चाळणीवर रगड, बिया वर राहतात. जांभळांचंही तसंच, पण ती वाफवू नकोस, नुसती हातानं कुस्कर. कैरी मात्र उकडूनच घे: गर, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. चिमूटभर म्हटलंय हं, माझं आगळ विसरू नकोस!

साच्याची काळजी तू फार करतेस. बेळगावला कुणी गेलं की आणू म्हणून दोन उन्हाळे घालवलेस. स्टीलचे लहान पेले आहेत ना घरात? प्लॅस्टिकपेक्षा ते लवकर गारठतात, आणि नळाखाली क्षणभर धरले की कांडी सुटून येते. चहाचे कागदी कपही चालतात, फाडून काढायचे. काचेचा पेला मात्र नको. रस गोठताना फुगतो. आमच्या काचेच्या सहा पेल्यांच्या सेटमध्ये पाचच का आहेत, ते हे अजून विचारतात, मी विषय बदलते. स्टीलचाही पेला काठोकाठ भरू नकोस, बोटभर जागा सोड. काडी लगेच खोचलीस तर ती आडवी पडते, म्हणून दीडेक तासानं, रस जरा घट्ट झाला की खोच. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं पाकीट स्वस्त मिळतं. केरसुणीचे हीर वापरायचा विचारसुद्धा करू नकोस. (मी केला होता.)

पाणी उकळून गार केलेलंच घे. पुष्कळ जणींना वाटतं, गोठलं की जंतू मरतात. मरत नाहीत गं, नुसते झोपतात आणि पोटात गेले की जागे होतात. घरी करायचं ते एवढ्यासाठीच तर, मग तिथेच कुचराई कशाला?

राहिला आपल्याकडचा वळीव. चार वाजले, ढग दाटले, दोन फांद्या मोडल्या, की वीज गेलीच. तेव्हा फ्रीजचं दार उघडून ‘वितळल्या का’ बघत बसू नकोस, बंद दारात गारवा बराच वेळ टिकतो. फ्रीजरच्या रिकाम्या कोपऱ्यात पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेव, त्या आतलं सगळं धरून ठेवतात. तरीही वितळल्याच, तर फळांच्या कांड्यांचं सरबत करून त्याच संध्याकाळी वाट. दुधाच्या असतील आणि कोमट झाल्या असतील, तर मन घट्ट करून ओतून दे. पुन्हा गोठवायच्या नाहीत.

आणि चुकलं म्हणून रडायचं नाही. ही काडीवरची कांडीच मुळी विसरभोळेपणातून जन्मली म्हणतात. 1905 साली अमेरिकेत फ्रँक एपरसन नावाचा अकरा वर्षांचा पोरगा सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्री थंडीत बाहेर विसरला आणि सकाळी त्याच्या हाती कांडी आली. 1924 साली त्याला तिचं पेटंट मिळालं. तुझा पोरगा असा पेला बाहेर विसरला असता, तर तू त्याला काय दिलं असतंस ते मला माहीत आहे.

बघ, सगळी फळं एकाच दिवशी करायला घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पाच पातेली मांडशील आणि रात्री अकराला कंबर धरून बसशील. पापड राहू देत एक दिवस, ते काही पळून जात नाहीत. एका रात्री एकच फळ. भांडी घासून झाली की आठ पेले भर, फ्रीजरमध्ये सरकव, आणि काड्या खोचायचं काम मोठ्या भाच्याला दे. तसाही तो बारापर्यंत मोबाइलवर जागाच असतो. फ्रीजर लहान असेल तर आठ तास धर, म्हणजे सकाळच्या न्याहारीनंतर पहिली खेप तयार. पाव्हण्या पोरांना तुझ्या घरची कुठली चव आठवेल विचारशील, तर बोंडाची, कारण ती त्यांना मुंबईत मिळत नाही.

उद्या बोंडांपासूनच सुरुवात कर. आणि एवढं एक ऐक माझं: फिकट रंगाची साडी नेसून बोंडं पिळायला बसू नकोस. त्यांचा डाग जन्मात जात नाही.