मधुमेह : वाण वारशाचे, मशागत आपली



"वडिलांना साखर होती, मलाही होणारच" आणि "आम्ही कष्टकरी, आम्हाला कशाची साखर?" ही दोन्ही वाक्ये मेळाव्यांत नेहमी कानी पडतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी माझीही उपाशीपोटीची साखर १०८ निघाली. म्हणून पीक सोडून हा विषय घेतला आहे.

वाण आणि व्यवस्थापन

खरीप ज्वारीचे वाण खोडमाशीला बळी पडणारे असले, तरी पाऊस होताच वेळेवर पेरल्यास पोंगेमर कमी होते. तेच वाण उशिरा पेरले की नुकसान वाढते. प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे प्रकार दोनच्या मधुमेहाचे असेच आहे. आईवडिलांपैकी एकास तो असल्यास अपत्यास आयुष्यात होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, तर दोघांनाही असल्यास ७० टक्के धरतात. वारशाने येतो तो रोगाकडील कल, प्रत्यक्ष रोग नव्हे.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो आढळले, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण अंगातील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली होती. म्हणून सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. गरोदर मातेचा सकस आहार हीसुद्धा या पिकाची पूर्वमशागतच होय.

मशागतीने काय साधते?

चेन्नई येथील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्ती होत्या. विशेष उपाय न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार व व्यायाम सुधारणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. धोका संपला नाही, पण बराच घटला. ट्रॅक्टर, मोटारसायकल व मोबाईलवर सुरू होणारा पंप यांनी आपले कष्ट कमी केले. ताट मात्र पूर्वीचेच राहिले.

काय करावे?

१. घरात मधुमेह असल्यास तिशीपासून दरवर्षी साखर तपासावी. उपाशीपोटी १०० ते १२५ ही पूर्वसूचना समजावी. १२६ वा अधिक आल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांकडून निदान पक्के करावे.

२. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.च्या आत ठेवावा.

३. रोज किमान ३० मिनिटे भरभर चालावे. बांधावर उभे राहून कामे करवून घेणे हा व्यायाम नव्हे.

४. गोड चहा कमी करावा. गूळ हा साखरेला पर्याय नाही. भाकरी-भात मोजका घेऊन उसळ, डाळ व पालेभाजी वाढवावी.

५. बिडी व तंबाखू सोडावा.

६. मधुमेह झालेला असल्यास औषध वा इन्सुलिन मनाने बंद करू नये व शेतात अनवाणी फिरू नये. बधिर पायाला काटा कळत नाही आणि जखम चिघळते.

लहानपणी होणारा प्रकार एकचा मधुमेह वेगळा असतो. तो पथ्याने टळत नाही, त्यास इन्सुलिनच लागते. त्याबद्दल मुलाला वा आईला दोष देऊ नये.

पेरणीपूर्वी आपण माती परीक्षण करतो. त्याच आठवड्यात घरातील तिशीपुढील सर्वांची साखरही प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी.