सोमवारचा निर्धार बुधवारी का मोडतो?

प्रश्न : माझं वय ४३. वजन कमी करायचं, असं वर्षातून तीन-चारदा ठरवते. सोमवारी भात बंद, गोड बंद, पहाटे चालणं सुरू. बुधवारी कुणी पाहुणे येतात, त्यांच्यासोबत चहा-खारी होते आणि मग सगळंच सुटतं. घरचे म्हणतात, तुझं मनच कच्चं. खरंच दोष मनाचा असतो का?
– एक वाचक भगिनी, पूर्णगड (जि. रत्नागिरी)

उत्तर : ताई, तुमच्या गावात श्रावण पाळणारी कितीतरी घरं असतील. मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते तिथे राहणारी, मासळीवर जीव असलेली माणसं महिनाभर मासे खात नाहीत आणि त्याचं कौतुकही करून घेत नाहीत. त्यांची मनं तुमच्यापेक्षा पक्की असतात असं मुळीच नाही. तिथे दिवस ठरलेला असतो, अख्खं घर सोबत असतं, चुलीवर कालवण चढतच नाही. मुख्य म्हणजे ‘आज खाऊ की नको’ हा वाद रोज मनाशी घालावा लागत नाही. तुमच्या सोमवारी हा वाद भात, गोड आणि चालणं अशा तीन ठिकाणी एकदम सुरू होतो, आणि घर मात्र होतं तसंच राहतं.

बुधवारी जे होतं, त्याचा एक जुना प्रयोग आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला, मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचं! तुमच्या एका खारीने फार काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘सगळं गेलं’ असं वाटल्यावर पुढच्या चार दिवसांत. म्हणून घरच्यांनी ‘मन कच्चं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या शब्दांनीच तो बुधवार लांबतो.

सवय लागायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहिलं. प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडली होती. ती आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

तेव्हा तुम्हीही एकच गोष्ट धरा. माझं मत विचाराल तर चहा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, जवळपास दोनशे कॅलरी. साखर सगळ्यांसाठी पातेल्यात न घालता ज्याच्या-त्याच्या कपात घाला, आणि खारीचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. हे अंगवळणी पडलं की मग चालणं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की गडाच्या वाटेने निघायचं. मात्र पावसाळ्यात ती वाट निसरडी होते आणि जूनमध्ये सुटलेलं चालणं दिवाळीपर्यंत परत सुरू होत नाही, म्हणून त्या दिवसांत पडवीतल्या येरझाऱ्या आधीच ठरवून ठेवा. भात सोडू नका. ताटात भाजी-उसळ आधी वाढून घ्या, भात त्यानंतर.

काट्यावर फार विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपल्याकडे अंग बारीक दिसलं तरी चरबी असते, आणि ती पोटावर साठते. तुमच्या उंचीएवढा दोरा घ्या, दुमडून निम्मा करा आणि कमरेभोवती धरा. टोकं जुळत नसतील तर कमर कमी व्हायला हवी. महिन्यातून एकदा पाहिलं तरी पुरे.

आणि एक, मनाला बोल लावण्याआधी थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.