मोटर बंद करू नका, आवाजाचं मूळ शोधा

रात्री अकराच्या सुमारास टीव्ही बंद होतो, रस्त्यावरची वर्दळ ओसरते आणि दिवसभर कुणाच्या गावी नसलेली फिशटँकची मोटर कानाशी येऊन बसते. थोडा वेळ कूस बदलून पाहिलं जातं. मग कुणीतरी उठतं आणि बटण बंद करतं. मासे पाळणाऱ्या घरांमध्ये हे सर्रास चालतं, आणि माशांच्या जिवावर बेततं ते इथेच.

आमच्या इमारतीतल्या एका घरी एप्रिलच्या उकाड्यात तसंच झालं. दोन फुटी टाकी होती आणि तिला न पेलतील इतके गोल्डफिश. आजोबांची झोपमोड होते म्हणून रात्री मोटर बंद होऊ लागली. सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करायचे. मुलांना वाटायचं, भूक लागली. ती आणखी खाणं टाकायची. मग एका सकाळी तीन मोठे मासे उलटे तरंगताना दिसले. मला बोलावलं तेव्हा ती मोटर उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. नळीच्या टोकाचा एअर स्टोन शेवाळानं आणि क्षारांनी बुजला होता. तो काढला आणि आवाज लगेच निम्म्यावर आला. काही रुपयांच्या दगडापायी मासे गेले होते.

त्या घरी जे घडलं त्याचं कारण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. 25 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच तुटवडा, आणि गरम पाण्यात माशांची गरज मात्र वाढलेली. टाकीत वनस्पती असतील तर त्या दिवसा प्राणवायू देतात, पण अंधारात त्याही तो घेऊ लागतात. त्यामुळे पहाटे पाणी सर्वांत निकस असतं. नेमके तेच तास मोटर बंद. वर न खाल्लेलं खाणं कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. फिल्टर बंद ठेवला तर आणखी एक संकट ओढवतं. त्याच्या स्पंजावर जगणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांनाही वाहतं, प्राणवायूचं पाणी लागतं. बंदिस्त डब्याच्या फिल्टरमध्ये काही तास पाणी कोंडून राहिलं की ते गुदमरू लागतात आणि सकाळी बटण दाबताच ती सगळी घाण टाकीत उतरते.

तेव्हा मोटर चालूच ठेवायची आणि आवाज कमी करायचा. हे सहज जमतं, फक्त आवाज कुठून येतो ते आधी ठरवावं लागतं.

बुडबुडे सोडणारा साधा एअर पंप आतून फार सोपा असतो. विजेच्या वेटोळ्यासमोर लोहचुंबक लावलेली एक दांडी असते आणि तिच्या टोकाला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती दांडी सेकंदाला 50 वेळा हेलकावते. दिवसाला हे 43 लाख 20 हजार हेलकावे झाले. ती खालच्या पट्टीतली घरघर याच हेलकाव्यांची. पण पंप एवढासा, त्याचा आवाज एवढा मोठा का? कारण बहुतेक घरांत तो प्लायवूडच्या पोकळ कपाटावर ठेवलेला असतो आणि सतारीचा भोपळा तारेसाठी जे करतो तेच ते कपाट पंपासाठी करतं.

याची परीक्षा करायला कुठलंही उपकरण लागत नाही. चालू पंप कोरड्या हातानं उचलून हवेत धरा. आवाज एकदम पडला तर पंप निर्दोष आहे, दोष बैठकीचा. पंपाखाली फोमचा जाड तुकडा किंवा चारपदरी सुती कापड घाला. पंप भिंतीला किंवा टाकीच्या काचेला टेकू देऊ नका. नळीसुद्धा लाकडाच्या कडेवर ताणून बसलेली नको, कारण थरथर नळीवाटेही पुढे जाते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पंप दोरीनं हुकाला टांगणं. टांगताना पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीवाटे पाणी उलटं उतरू शकतं, आणि भारनियमनाच्या गावात हा धोका रोजचा आहे. पंप खालीच ठेवणं भाग असेल तर नळीत एकेरी झडप, दुकानदाराच्या भाषेत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, बसवल्याशिवाय राहू नका.

पंप टॉवेलात गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबणारेही पुष्कळ भेटतात. आवाज दबतो खरा, पण पंप तापतो, रबर कडक होतं आणि पुढच्या काही महिन्यांत तोच पंप आधीपेक्षा जास्त ओरडू लागतो. हवा खेळती हवीच.

हातात धरूनही घरघर कायम असेल तर पंपापासून नळी काढा. नळी काढताच आवाज उतरला तर हवेच्या वाटेत अडथळा आहे: दगड बुजला असेल, नळी दुमडली असेल किंवा हवा कमी करण्याच्या नादात बारीक नळ फारच आवळला गेला असेल. जास्तीची हवा दाबून धरू नये, टी जोडून बाहेर सोडून द्यावी. एक फूट खोल टाकीसाठी घेतलेला पंप दोन फूट खोलीवर लावला तरी त्याची अशीच दमछाक होते. नळी काढूनही आवाज तसाच राहिला तर मग प्लग काढून पंप उघडावा. अनेक पंपांच्या तळाशी हवा आत घेण्याच्या जागी फेल्टचा तुकडा असतो, तो धुळीनं गच्च झालेला सापडतो. नाहीतर डायफ्रॅमला चीर गेलेली असते.

पाण्यात बुडवलेल्या फिल्टरची गोष्ट वेगळी. तिथे घरघरीऐवजी खडखड ऐकू येते. त्यातला चुंबकाचा रोटर, पुढे पंख लावलेला, एका बारीक दांडीवर मिनिटाला सुमारे 3,000 फेरे घेतो. वाळूचा एक कण आत गेला, शेवाळाचा धागा गुंडाळला गेला, तरी तो डगमगतो. पुण्याच्या उपनगरांत आणि मराठवाड्यात अनेक घरांना बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी मिळतं. तिथे रोटरच्या खोबणीत पांढऱ्या क्षारांचा थर साठतो. प्लग काढा, रोटर अलगद ओढून काढा आणि पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं खळबळून धुवा. साबण नाही, मशीनचं तेल तर मुळीच नाही. दांडी सिरॅमिकची असेल तर जपून, ती पटकन मोडते. याच वेळी फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊन टाकण्याचा मोह होतो. तसं करू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यावरचे जिवाणू मारतं. बादलीत टाकीचंच पाणी काढून त्यात स्पंज पिळावा.

नुकताच भरून सुरू केलेला बाहेरचा डबा फिल्टर खुळखुळत असेल तर घाबरायचं कारण नाही. आत हवा अडकलेली असते. डबा हळूहळू चारी बाजूंना कलता करा, बुडबुडे निघून जातात. फिल्टर काचेला धरून ठेवणारे रबरी शोषक जुने झाले की दगडासारखे होतात आणि सगळी थरथर काचेत उतरते, ते बदलावेत. वरून पाणी पाडणाऱ्या फिल्टरचा खळखळाट उन्हाळ्यात वाढतो, कारण बाष्पीभवनानं पातळी घटलेली असते. अशा वेळी साठवून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी घालून पातळी पूर्ववत करणं एवढंच पुरतं.

हा सगळा खटाटोप फक्त माणसाच्या झोपेसाठी नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 मध्ये झोपण्याच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी 30 डेसिबलची मर्यादा सुचवली होती. पण माशाला खोली बदलता येत नाही. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं जातो, आणि गोल्डफिश तर ऐकण्यात तरबेज. त्याच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं थेट अंतर्कर्णाला जोडलेली असते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी 1820 मध्ये या हाडांचं वर्णन केलं. अमेरिकेत गोल्डफिशवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोठा, सलग आवाज ऐकवल्यावर त्यांची ऐकण्याची क्षमता काही काळ घटली. तो आवाज घरच्या मोटरीपेक्षा खूप मोठा होता, म्हणून टाकीतले मासे बहिरे होतात असं कुणी म्हणू नये. तरी काचेला टेकलेला, रात्रंदिवस थरथरणारा पंप त्यांच्या शेजारी ठेवण्याचं काही कारण उरत नाही.

नवा पंप घ्यायचा झाला तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये घ्या नाहीतर गल्लीतल्या दुकानात, तो दुकानातच लावून ऐका. नुसता नाही, नळी आणि दगड जोडून, आपल्या टाकीइतक्या खोल पाण्यात दगड सोडून. मोकळा पंप आणि पाण्याचा दाब पेलणारा पंप यांचे आवाज वेगळे असतात. त्याच वेळी त्याच मॉडेलचा एक डायफ्रॅम आणि दोन एअर स्टोन जास्तीचे घेऊन ठेवा. मॉडेल बंद झालं की त्या मापाचं रबर शोधूनही मिळत नाही.