दीर्घ आकडीनंतरचा एमआरआय : कारण की परिणाम?

काही वर्षांपूर्वी काचीगुड्यातील एका मराठी कुटुंबातील दोन वर्षांची मुलगी माझ्याकडे दाखल झाली. ताप चढला, आकडी आली. कांदा हुंगवण्यात आणि दोन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवण्यात पन्नास मिनिटे गेली. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये स्मृतीशी निगडित असलेला उजवा हिप्पोकॅम्पस सुजलेला व पांढरा दिसला. फिल्म उजेडात धरून वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, ही गाठ नाही ना? या डागामुळेच आकडी आली का?"

उत्तर बहुधा उलट असते. आकडी थांबत नाही तेव्हा चेतापेशींची प्राणवायूची व शर्करेची गरज पुरवठ्यापलीकडे जाते. पेशींतील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा थकते, पाणी आत शिरते, पेशी फुगतात. म्हणून डिफ्यूजन चित्रांत तो भाग उजळतो. पक्षाघातातही असेच दिसते, पण तो डाग एका रक्तवाहिनीच्या क्षेत्रात राहतो. आकडीनंतरचा डाग ती सीमा पाळत नाही. पुष्कळदा तो काही आठवड्यांत विरतो. उमेदवारीच्या काळात आकडीनंतर सीटीवर दिसलेल्या एका डागावर मी क्षयाची औषधे सुरू केली होती. डाग गेला आणि श्रेय मी औषधांना दिले!

तरीही 'आकडीचाच परिणाम' म्हणून मोकळे होता येत नाही. हर्पिसचा मेंदूज्वर नेमका याच भागाला धरतो. म्हणून पाठीतील पाण्याचा पीसीआर अहवाल येईपर्यंत असायक्लोव्हिर द्यावेच लागते. आपल्या भागात तर २००३ ची आठवण आहे. त्या उन्हाळ्याअखेर तत्कालीन आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. ज्या चंडिपुरा विषाणूकडे बोट दाखवले गेले, तो १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंडिपुरा गावात सापडला होता. हा मेंदूज्वर की पक्षाघात, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला.

डाग विरला, तरी पाठपुरावा सोडू नये. तापातील दीर्घ आकडीवरच्या अमेरिकेतील फेबस्टॅट अभ्यासात १९१ मुलांपैकी २२ जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असा उजाळा आढळला. त्यांपैकी १४ मुलांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय झाला. १० जणांत तो भाग आक्रसून निबर झाला होता. अपस्माराची भीती आहे ती येथे.

या मुलीचा पीसीआर निर्दोष आला. वर्षभरानंतर उजवी बाजू किंचित लहान दिसली. आकडी पुन्हा आलेली नाही. आईच्या पर्समध्ये मिडाझोलामचा नाकातील फवारा असतो, आणि माझ्या अक्षरातील चिठ्ठी : आकडी पाच मिनिटे टिकली, की फवारा, मग रिक्षा.