कर्करोगाच्या उपचारानंतर : गावातील पुनर्वसन

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी, जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव वसलेले आहे. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. या पंचक्रोशीतील कर्करोगाच्या रुग्णास शस्त्रक्रिया व किरणोपचार यांसाठी मोठ्या शहरी जावे लागते. काही महिन्यांनी तो घरी परततो. रुग्णालयाच्या कागदावर उपचार पूर्ण झालेले असतात. खाणे, बोलणे, हात वर उचलणे, शेतात जाणे या गोष्टी मात्र त्याला नव्याने शिकाव्या लागतात. हे शिकणे गावातच व्हावयाचे असते आणि त्याला वेळेची मर्यादाही असते.

तोंडाच्या कर्करोगाचेच पाहावे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी तंबाखू-चुन्याच्या जुन्या सवयीची फळे कित्येक वर्षांनी दिसतात. शस्त्रक्रिया व किरणोपचारानंतर जबड्याचे स्नायू आखडू लागतात. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. येथे हळूहळू एक बोटही जाईनासे होते. एकदा आखडलेला जबडा पुन्हा मोकळा करणे फार कठीण. म्हणून तज्ज्ञाने सांगितल्यापासून दिवसातून अनेक वेळा तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून त्या दातांमध्ये धरणे हा त्याचा अगदी स्वस्त प्रकार. आज किती काड्या मावल्या, हे वहीत टिपून ठेवले की घसरण वेळीच लक्षात येते.

अशा रुग्णाचे तोंड कोरडे पडते, तिखट सोसवत नाही. खानदेशी स्वयंपाकात हा प्रश्न लहान नव्हे. त्याच्यासाठी मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, कुस्करलेले केळे असा आहार वेगळा काढावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरण्यास सांगावे. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात परस्पर काढवून घेऊ नये. जखम न भरता हाड कुजण्याचा धोका असतो.

स्तनाच्या कर्करोगानंतर त्या बाजूच्या हातावर सूज येऊ शकते. बांगडी घट्ट होऊ लागणे ही तिची पहिली खूण. लाजेपोटी ती दडविली जाते. भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्याचा व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावा. कायमची विश्रांती हा चुकीचा सल्ला होय. काम हळूहळू वाढवीत न्यावे. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडतो व जंतुसंसर्ग झाल्यास सूज वाढते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा एवढ्याने ते टळू शकते.

स्वरयंत्र काढलेला माणूस गळ्यावरील छिद्रातून श्वास घेतो. त्या छिद्रावर पातळ कापड असावे आणि नदी-विहिरीत पोहणे कायमचे वर्ज्य समजावे, कारण पाणी सरळ फुप्फुसात जाते. त्याला पाहून मुले दचकतात. हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे शिक्षकाने वर्गात एकदा सांगितले तर त्या घरातील मुलाचे शाळेतील एकटेपण पुष्कळ कमी होईल.

पुनर्वसनाचा विचार राज्यास नवा नाही. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि १९५१ साली डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेने रुग्णांच्या पुनर्वसनाचेही काम हाती घेतले. बरे होण्याची आशा नसलेल्यांचे दुःख हलके करण्यासाठी राज्याने २०१२ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. अंथरुणावरील रुग्णाला वेदनेवाचून कुस बदलता येणे, हेही पुनर्वसनच होय.

ग्रामपंचायतीच्या हातीही बरेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्यामुळे आलेल्या कायम दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा व्यक्तीस तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकते आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठीच खर्च करावयाचा असतो. कर्करोगाचा रुग्ण या यादीत बसू शकतो, हे पुष्कळ सदस्यांच्या ध्यानी येत नाही. उपचारासाठी व फेरतपासणीसाठी जाताना रेल्वे भाड्यात सवलत आहे; तिचा दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून घ्यावा लागतो. पहिल्या दोन वर्षांत रोग उलटण्याचा संभव अधिक, म्हणून फेरतपासणीची तारीख आशा कार्यकर्तीच्या वहीतही असावी, आणि रुग्णाची फाइल पावसाळ्यात भिजणार नाही अशा पिशवीत.